घर बदललं, लायसन्सवरचा पत्ता बदलायचाय : आधी आधार की आधी आरटीओ?

रानवारा
नमस्कार मंडळी, थोडं मार्गदर्शन हवंय. नवऱ्याच्या नोकरीमुळे आम्ही नाशिकहून पुण्याला आलोय, वाकडला फ्लॅट भाड्याने घेतलाय, लिव्ह अँड लायसन्स अ‍ॅग्रीमेंट रजिस्टर झालंय पण ते नवऱ्याच्या एकट्याच्या नावावर आहे. माझं ड्रायव्हिंग लायसन्स एमएच १५ चं, त्यावर नाशिकचा पत्ता, आधारवर पण तोच. सासूसासरे अजून नाशिकच्या घरीच राहतात, त्यामुळे सासऱ्यांचं म्हणणं की पत्ता बदलायची गरजच काय, घर काय कुठे पळून चाललंय. इथल्या एका एजंटला विचारलं तर तो म्हणतो नाशिकहून एनओसी आणावी लागेल, लायसन्सचा नंबर बदलेल, आणि ३० दिवसांत केलं नाही तर दंड. पैसे पण बरेच सांगितले. तर खरंच बदलावं लागतं का, नंबर बदलतो का, एनओसी लागते का, आणि सुरुवात कुठून करायची, आधार की आरटीओ? स्कूटर पण एमएच १५ चीच आहे, तिचं वेगळं काही करावं लागतं का तेही सांगा प्लीज.

नाक्यावरचा
काही करू नका, निवांत रहा. लायसन्स सगळ्या भारतात चालतं. माझ्या लायसन्सवर अजून कोल्हापूरचा पत्ता आहे, ठाण्यात राहतोय इतकी वर्षं, नाकाबंदीत कितीदा अडवलं पण पोलीस बघतात तो फोटो आणि व्हॅलिडिटी, पत्ता कोण वाचतंय. डिजीलॉकर उघडून दाखवायचं आणि निघायचं.

चाकोरी
रानवारा ताई, माझं रोजचं कामच लोकांचे ऑनलाइन फॉर्म भरून द्यायचं आहे त्यामुळे जरा सविस्तर लिहितो.

एजंटने तीन वेगवेगळ्या गोष्टींची खिचडी करून तुम्हाला वाढलीय. ३० दिवसांचं जे तो म्हणतोय ते मोटार वाहन कायदा १९८८ च्या कलम ४९ मधलं, आणि ते कलम गाडीच्या आरसीबद्दल, म्हणजे नोंदणी प्रमाणपत्राबद्दल आहे, लायसन्सबद्दल नाही. लायसन्सबद्दल नाक्यावरचा म्हणतात ते बरोबर, कलम १३ प्रमाणे ते देशभर चालतं आणि पत्ता जुना आहे म्हणून रद्दबातल होत नाही. पण म्हणून बदलूच नका असं मी कधीच सांगणार नाही. काही राज्यांच्या मोटार वाहन नियमांत लायसन्सधारकाने राहण्याचं ठिकाण बदललं की कळवायचं असं लिहिलेलं आहे. आणि सरकारी कागद ज्या पत्त्यावर जाणार तिथे आपण असलंच पाहिजे, साधी गोष्ट आहे.

नंबर बदलत नाही. एमएच १५, मग लायसन्स निघालं ते वर्ष, मग सात आकडे, हा नंबर तुमच्याबरोबर राहतो, तुम्ही एमएच १४ मध्ये पत्ता बदला नाहीतर एमएच ३१ मध्ये. नवीन कार्डावर पत्ता नवा येतो, नंबर तोच.

एनओसीचं म्हणाल तर ती भानगड लायसन्सं पुस्तकात आणि रजिस्टरमध्ये होती तेव्हाची. आता सगळा रेकॉर्ड सारथी नावाच्या एकाच पोर्टलवर आहे, नाशिकचा डेटा पुण्याच्या क्लार्कला स्क्रीनवर दिसतो. तुमचं लायसन्स सारथीवर दिसत असेल तर महाराष्ट्रातल्या महाराष्ट्रात कोणी एनओसी मागायचं कारण नाही.

आणि मुख्य प्रश्नाचं उत्तर, आधी आधार. आधी आधार, मग लायसन्स, यात उलटसुलट करू नका. मार्च २०२१ मध्ये केंद्राने आधार पडताळणीवर चालणाऱ्या १८ सेवा जाहीर केल्या, त्यात लायसन्सवरचा आणि आरसीवरचा पत्ता बदलणं दोन्ही आहे. आधारवर नवीन पत्ता आला की घरबसल्या ओटीपीवर काम होतं, आरटीओत पाऊल ठेवावं लागत नाही, पत्ता आधारवरूनच उचलला जातो. आधार जुनंच ठेवलं तर मग दुसरा पुरावा अपलोड करा, अपॉइंटमेंट घ्या, मूळ कागद घेऊन रांगेत उभे रहा. तो रस्ताही कायदेशीर आहे पण विनाकारण लांबचा आहे.

सांजवेळ
धाग्यावर लक्ष ठेवून आहे, आम्हाला पण करायचंय.

रानवारा
चाकोरी दादा खूप खूप आभार, डोक्यावरचं ओझं उतरलं. पण आधारचाच घोळ आहे ना, अ‍ॅग्रीमेंट नवऱ्याच्या नावावर, लाइट बिल घरमालकाच्या नावावर, बँकेच्या पासबुकवर नाशिक. माझ्या नावाचा वाकडचा एकही कागद नाही. मग मी आधार कशावर बदलू?

चाकोरी
हा प्रश्न मला बायकांकडूनच जास्त येतो आणि त्याचं फार वाईट वाटतं, राहतात घरात पण कागदावर कुठेच नसतात. पुढच्या वेळी अ‍ॅग्रीमेंट करताना दोघांची नावं घालायला सांगा, एजंट नको म्हणाला तरी हट्ट धरा.

आत्ताचा मार्ग सांगतो. आधी नवऱ्याचं आधार त्या रजिस्टर्ड अ‍ॅग्रीमेंटवर बदलून घ्या, ते मायआधार पोर्टलवर ऑनलाइन होतं. त्यांचं झालं की मग तुमचं कुटुंबप्रमुखाच्या आधारावर करायचं, हेड ऑफ फॅमिली म्हणून पर्याय आहे, २०२३ पासून ऑनलाइन सुरू झालाय. तुम्ही तुमच्या लॉगिनमधून नवऱ्याचा आधार नंबर टाकायचा, नात्याचा पुरावा म्हणून लग्नाचं सर्टिफिकेट जोडायचं, त्यांच्या मोबाइलवर मेसेज जातो, त्यांनी त्यांच्या लॉगिनमध्ये जाऊन मंजुरी द्यायची. ३० दिवसांत मंजुरी दिली नाही तर विनंती आपोआप बंद होते, म्हणून त्यांना त्याच दिवशी समोर बसवून करून घ्या. दोघांचेही मोबाइल आधारला जोडलेले हवेत, नसतील तर मात्र आधार केंद्रात जावं लागेल.

मोगरा
चाकोरी, लगे हात माझं पण विचारून घेते. लग्नानंतर आडनाव बदललंय, आधारवर नवीन आडनाव आणि नवीन पत्ता दोन्ही झालंय, लायसन्स मात्र माहेरच्या नावाचं आणि माहेरच्या पत्त्याचं. पत्ता बदलला की नाव आपोआप बदलेल का?

चाकोरी
नाही मोगरा ताई, आपोआप काही होत नाही. सारथीवर नाव बदलणं ही वेगळी सेवा आहे आणि पत्ता बदलणं वेगळी. पण एकाच अर्जात दोन्हींवर टिक करता येते, दोन अर्ज करू नका. नावासाठी मॅरेज सर्टिफिकेट किंवा गॅझेट लागतं. तुमच्या बाबतीत आधारवरचं नाव आणि लायसन्सवरचं नाव जुळत नसल्यामुळे ओटीपीवर सगळं पूर्ण होईल असं धरून चालू नका, मूळ कागद घेऊन जायची तयारी ठेवा. एक सांगतो, कार्डावर नाव एक आणि आधारवर दुसरं हे जास्त अडतं, पत्त्यापेक्षाही. इन्शुरन्स क्लेमच्या वेळी, पासपोर्टच्या वेळी, सगळीकडे. तेव्हा तुम्ही हे लवकर करून घ्या.

गियरबॉक्स
गाडीबद्दल मी लिहितो कारण लोक लायसन्सच्या मागे लागतात आणि आरसी विसरतात, आणि खरं तर उलटं पाहिजे. ई-चलान येतं ते गाडीच्या नंबरवरून, मेसेज जातो आरसीला जोडलेल्या मोबाइलवर. लायसन्सशी त्याचा काही संबंध नाही. सिम बदललं, घर बदललं आणि आरसी तशीच, तर चलानं साचत राहतात आणि कळतं कधी तर गाडी विकायला काढल्यावर, नाहीतर लोक अदालतीची नोटीस जुन्या घरी पोचल्यावर.

तर रानवारा, स्कूटरसाठी कलम ४९ खाली ३० दिवसांत नवीन भागातल्या आरटीओला कळवायचं, फॉर्म ३३ आहे त्याचा, वाहन पोर्टलवर ऑनलाइन होतं. इन्शुरन्स आणि पीयूसी चालू पाहिजे. गाडीवर कर्ज असेल तर बँकेची संमती लागते, ती आधी मागून ठेवा कारण बँका वेळ लावतात. महाराष्ट्रातल्या महाराष्ट्रात गाडीचा नंबर एमएच १५ च राहतो, नवीन नंबरप्लेटची गरज नाही, कोणी म्हणालं तर दुर्लक्ष करा.

राज्य बदललं की गोष्ट वेगळी. मी बंगळुरूला होतो तेव्हा हे सगळं केलंय. दुसऱ्या राज्यात गाडी १२ महिन्यांपेक्षा जास्त ठेवायची असेल तर कलम ४७ प्रमाणे तिथला नंबर घ्यावा लागतो, त्यासाठी फॉर्म २८ वर मूळ आरटीओची एनओसी, तिथला रोड टॅक्स भरायचा, मग इथला उरलेला टॅक्स परत मागायचा. एजंट जी एनओसी म्हणतोय ना ती बहुतेक ही, गाडीची. लायसन्सला चिकटवून सांगतोय.

अवांतर: इन्शुरन्स कंपनीलाही नवीन पत्ता कळवून पॉलिसीवर नोंद करून घ्या. पैसे लागले तर किरकोळ लागतात, पण क्लेमच्या वेळी सर्व्हेयर कागद जुळवून बघतो.

सांजवेळ
गियरबॉक्स यांना +१. चलानाचं अगदी खरं आहे, आमच्या शेजाऱ्यांकडे हेच झालं.

पांथस्थ
मी ज्येष्ठ नागरिक आहे, मुलाकडे राहायला आलो आहे. माझे लायसन्स जुने पुस्तकाचे, हाताने लिहिलेले. सारथीवर नंबर टाकला तर रेकॉर्ड सापडत नाही असे येते. मुलगा म्हणतो बाबा आता गाडी चालवूच नका. पण मला नातवाला शाळेत सोडायला स्कूटर लागते आणि नजर चांगली आहे. काय करावे?

चाकोरी
पांथस्थ काका, घाबरू नका, लायसन्स गेलेलं नाही. जुनी हस्तलिखित लायसन्सं सगळीच काही कॉम्प्युटरवर चढली नाहीत, ती चढवायला ज्या आरटीओने लायसन्स दिलं त्यांच्याकडे जावं लागतं, याला ते बॅकलॉग एंट्री म्हणतात. पुस्तक मूळ घेऊन जा, प्रत्येक पानाची झेरॉक्स न्या, शेवटच्या नूतनीकरणाचा शिक्का आहे ते पान तर हमखास. आणि ते पुस्तक काहीही झालं तरी कोणाला देऊन ठेवू नका. जुन्या नंबरात आकडे कमी असतात, सारथीवर चढताना तो आताच्या पद्धतीत बसवून देतात, म्हणून तुमच्या बाबतीत नंबर थोडा वेगळा दिसला तर गोंधळू नका.

आणि काका, आधी व्हॅलिडिटी बघा. तारीख संपली असेल तर ती संपल्यापासून एक वर्षाच्या आत नूतनीकरण सोपं आहे, त्यानंतर ड्रायव्हिंग टेस्ट परत द्यावी लागते. पूर्वी ३० दिवसांची सवलत होती, ती २०१९ च्या दुरुस्तीने गेली, म्हणजे तारीख उलटली की त्या दिवसापासून गाडी चालवायची नाही. ५५ च्या पुढे लायसन्स पाच पाच वर्षांचं मिळतं आणि फॉर्म १ए वर डॉक्टरांचं प्रमाणपत्र लागतं. संपायला एक वर्षापेक्षा कमी राहिलं असेल तर नूतनीकरण आणि पत्ता एकाच अर्जात उरका, कार्ड एकदाच छापलं जाईल. चाळिशीच्या आसपासच्यांनी पण हे बघा, तिशीच्या आत काढलेलं लायसन्स आता वयाच्या चाळिसाव्या वर्षापर्यंतच असतं.

नाक्यावरचा
माहिती चांगली आहे, वाद नाही. पण मी अजून म्हणतो की ज्याचं गावाला घर आहे, आईवडील आहेत, त्याने का धावपळ करावी? पत्र आलं तर घरचे फोन करून सांगतातच.

चाकोरी
नाक्यावरचा, तुमचा मुद्दा समजतोय, आणि लायसन्सवर पर्मनंट आणि प्रेझेंट असे दोन पत्ते असतात ते यासाठीच. फॉर्ममध्ये विचारतात, फक्त प्रेझेंट बदलायचा, फक्त पर्मनंट, की दोन्ही. म्हणजे गावचा पत्ता पुसायची काही गरज नाही, राहत्या ठिकाणचा तेवढा बदला. रानवारा ताईंच्या सासऱ्यांना पण हे सांगा, त्यांना बरं वाटेल.

पण घरचे फोन करतात यावर विसंबू नका हो. गाडी चालवताना मोबाइल, अतिवेग, दारू, सिग्नल तोडणं, अशा प्रकरणात पोलीस लायसन्स ताब्यात घेऊन आरटीओकडे पाठवू शकतात. आरटीओला लायसन्स निलंबित करण्याआधी तुमचं म्हणणं ऐकावं लागतं, कलम १९ मध्ये तसं आहे, आणि त्याची नोटीस जाते रेकॉर्डवरच्या पत्त्यावर. तुम्ही वेळेत हजर झाला नाहीत तर निर्णय तुमच्या पाठीमागे होतो. मग निलंबित लायसन्सवर गाडी चालवली तर तो वेगळा गुन्हा, आणि अपघात झाला तर इन्शुरन्स कंपनी हात वर करते. म्हातारे आईवडील दारात सही करून पाकीट घेतात आणि देव्हाऱ्याशेजारी ठेवून देतात, त्यांना काय माहीत आत काय आहे.

आणि परदेशी जायचं झालं तर आंतरराष्ट्रीय परमिट राहत्या भागातल्या आरटीओकडून निघतं. तिकीट काढल्यावर पत्त्याच्या मागे लागलेली मंडळी माझ्याकडे दर उन्हाळ्यात येतात.

गियरबॉक्स
सहमत. देव्हाऱ्याशेजारचं पाकीट अगदी खरं.

नाक्यावरचा
ठीक आहे, नोटिसीचा मुद्दा पटला. माझं नूतनीकरण जवळच आलंय, दोन्ही एकत्र करून टाकतो.

रानवारा
अपडेट देते. नवऱ्याचं आधार झालं, मग माझं कुटुंबप्रमुखाच्या पर्यायाने केलं, मंजूर झालं. आता सारथी उघडून बसलेय. महाराष्ट्र निवडलं, लायसन्सवरच्या सेवा निवडल्या, नंबर आणि जन्मतारीख टाकली तर माझा फोटो आणि सगळी माहिती आली. पण पिनकोड टाकल्यावर आरटीओ एमएच १४ पिंपरी-चिंचवड दाखवतंय, मला वाटलं पुणे म्हणजे एमएच १२. चुकतंय का काही?

चाकोरी
बरोबर दाखवतंय. वाकड पिंपरी-चिंचवडच्या हद्दीत येतं, पोर्टल पिनकोडवरून आरटीओ ठरवतं. तेच राहू द्या, हाताने एमएच १२ करायला जाऊ नका.

आता पुढचं जरा नीट वाचा कारण इथेच कार्डं परत जातात. पत्त्याचे रकाने लहान आहेत. आधारवर समजा असं असेल, केअर ऑफ अमुक तमुक, फ्लॅट ७०४, सी विंग, सोसायटीचं नाव, मग शाळेजवळ, मग रस्ता, मग वाकड. कार्डावर छापताना एवढं सगळं मावेलच असं नाही, शेवट कापला जातो. म्हणून पहिल्या ओळीत फ्लॅट नंबर आणि विंग आहे का बघा, दुसरीत सोसायटी, तिसरीत भाग. लँडमार्क गेला तरी चालेल, विंग गेली तर पोस्टमन काय करणार, चार विंगा आणि प्रत्येकीत एक ७०४. कार्ड स्पीड पोस्टने येतं, दारावर कोणी भेटलं नाही किंवा पत्ता अपुरा असला तर परत आरटीओत जातं आणि मग ते घ्यायला ओळखपत्र घेऊन स्वतः जावं लागतं. वॉचमनला सांगून ठेवा. तालुका आणि गाव निवडताना यादीत बघा, तालुका मुळशी येईल की हवेली ते तुमच्या आधारवर असेल तसंच ठेवा.

सबमिट करायच्या आधी मोबाइल नंबर बघून घ्या, जुना असेल तर तो आधी बदला, त्याची सेवा तिथेच वेगळी आहे.

सांजवेळ
फी किती लागते हो साधारण? एजंट लोक तर काहीही सांगतात.

चाकोरी
केंद्राच्या नियमाप्रमाणे पत्ता बदलायचे २०० रुपये, त्यावर स्मार्ट कार्डाचे आणि पोस्टाचे वेगळे धरतात. जे काही होईल ते पोर्टलवरच दिसतं आणि पावती तिथेच मिळते. पावतीवर नसलेला एक रुपयाही देऊ नका. कोणाला फॉर्म भरता येत नसेल आणि मदत घेतली तर त्याच्या मेहनतीचे जरूर द्या, पण ओटीपी स्वतः टाका, मोबाइल त्याच्या हातात देऊ नका.

मोगरा
मला एक सांगावंसं वाटतंय, आमच्या कॉलनीच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर आरटीओ चलान म्हणून एक फाइल फिरत होती, एपीके का काय असते ती. एका काकूंनी ती उघडली आणि त्यांच्या खात्यातून पैसे गेले. पत्ता बदलायचा म्हणून लोक गूगलवर शोधतात तेव्हा पण सारख्या दिसणाऱ्या साइट पहिल्या येतात. शेवटी जीओव्ही डॉट इन आहे का तेवढं बघा, नसेल तर लगेच बंद करा. खरं आरटीओ व्हॉट्सअ‍ॅपवर कसलीही अ‍ॅपची फाइल पाठवत नाही.

गियरबॉक्स
हे फार महत्त्वाचं लिहिलंत मोगरा. घरातल्या मोठ्यांना बसवून सांगा, नुसतं फॉरवर्ड करून भागत नाही. आणि कोणाचे पैसे गेलेच तर वेळ न घालवता १९३० वर फोन करा, सायबर फसवणुकीची हेल्पलाइन आहे.

रानवारा
अर्ज गेला, फी भरली, अर्जाचा नंबर लिहून ठेवलाय. स्कूटरचं पण फॉर्म ३३ चं काम सुरू केलंय. एक शेवटचं विचारते, कार्ड हातात येईपर्यंत कोणी अडवलं तर काय दाखवू? जुनं कार्ड बाद झालं का?

चाकोरी
जुनं कार्ड जवळच ठेवा, लायसन्स तेच आहे, नंबर तोच आहे. अर्ज मंजूर झाला की सारथीवर स्टेटसमध्ये दिसेल, मग डिजीलॉकर किंवा एमपरिवहनमध्ये लायसन्स परत एकदा नव्याने ओढून घ्या, जुनं सेव्ह केलेलं आपोआप बदलत नाही कधीकधी. त्यात नवीन पत्ता दिसला की तेच दाखवा, कायद्याने ते मूळ कार्डाच्या बरोबरीचं आहे. फक्त गॅलरीतला फोटो किंवा स्क्रीनशॉट दाखवू नका, तो धरत नाहीत, अ‍ॅप उघडूनच दाखवायचं. आणि मंजूर न होता परत आला तर कारण लिहिलेलं असतं, ते इथे टाका, बघू काय करायचं ते.